पेगन आणि विक्कन प्रतीकांचा टॅरो संच निवडताना

टॅरोचा पहिला संच घेऊ इच्छिणारे, आणि त्यांतही ज्यांना ऋतुचक्र, चंद्रकला, अरण्य आणि मातृदेवता यांच्या चित्रांची ओढ आहे असे वाचक, एकच गोंधळ पुन्हा पुन्हा मांडताना दिसतात: ‘विच’, ‘पेगन’, ‘विक्कन’, ‘ड्रुइड’ अशी नावे मिरवणारे डझनावारी संच बाजारात आहेत, बहुतेकांच्या खोक्यावर चंद्रकोर आणि पाच टोकांची चांदणी आहे, मग त्यांत फरक तो काय आणि घ्यावा तो कोणता? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर सापडत नाही. ते आतल्या मोजक्या, ठरावीक पानांवर सापडते. ती पाने कोणती, ती कशी पाहावीत आणि पैसे देण्यापूर्वी व दिल्यानंतर आपले हक्क कोणते, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

आधी शब्द नीट लावून घ्यावेत

‘पेगन’ हा शब्द लॅटिनमधील ‘पागानुस’, म्हणजे खेडवळ माणूस, यावरून आला असून ख्रिस्ती धर्म न स्वीकारलेल्यांना उद्देशून तो पुढे रूढ झाला. आज मात्र युरोपातील ख्रिस्तपूर्व देवदेवता आणि निसर्गपूजा यांकडे नव्याने वळलेल्या अनेक पंथांसाठी तो एकत्रितपणे, आणि बहुधा अभिमानाने, वापरला जातो. ‘विक्का’ हा त्यांपैकी एक पंथ आहे. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकातून त्याची जाहीर ओळख करून दिली. शिंगधारी देव, कुमारी-माता-वृद्धा अशा तीन रूपांतील देवी आणि वर्षातले आठ ऋतूत्सव ही त्याची ठळक अंगे होत. ड्रुइड परंपरा ही त्याची शेजारीण आहे, पण ती वेगळी आहे. प्रत्येक विक्कन हा पेगन असतो, प्रत्येक पेगन विक्कन नसतो.

टॅरोचे मूळ याहून निराळे आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो पत्त्यांचा खेळ म्हणून जन्मला आणि आज ज्या २२ चित्रपानांना ‘मेजर आर्काना’ म्हणून गूढ मान मिळतो, ती मुळात त्या खेळातली हुकमाची पाने होती. या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले आहे, हा दावा कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानाने १७८१ मध्ये केला आणि तेव्हापासून ‘प्राचीन’ हे विशेषण टॅरोला जे चिकटले ते आजतागायत निघालेले नाही. ‘सेल्टिक पूर्वजांचा हजारो वर्षांचा टॅरो’ अशी जाहिरात दिसल्यास ती जाहिरातच समजावी. त्यामुळे चित्रांचे सौंदर्य कमी होत नाही, पण किंमत ठरवताना प्राचीनतेचे पैसे मोजू नयेत.

जाता जाता मराठीपुरती एक सूचना. ‘विच’ या शब्दाला ‘चेटकीण’ हा प्रतिशब्द सरसकट वापरणे टाळावे, कारण विक्कन स्त्री तो शब्द स्वतःहून धारण करते, तर आपल्याकडे तो दुसऱ्यावर लादला जातो आणि त्याची किंमत अनेक बायकांनी जिवानिशी मोजली आहे.

संचाची मांडणी

पूर्ण टॅरो संचात ७८ पाने असतात: २२ चित्रपाने आणि ५६ साधी पाने. साध्या पानांचे चार रंग म्हणजे आपल्या कॅटमधल्या बदाम-चौकट-किलवर-इस्पिकचे चुलतभाऊच. वँड्स म्हणजे छड्या, कप्स म्हणजे चषक, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे चांदणी कोरलेल्या चकत्या. प्रत्येक रंगात एक्का ते दश्शी अशी दहा पाने आणि त्यांवर राजा, राणी, नाइट म्हणजे घोडेस्वार आणि पेज म्हणजे सेवक अशी चार दरबारी पाने असतात. ७८ पाने नसलेला, मनाला येईल तितक्या पानांचा संच ‘ऑरॅकल’ या वर्गात मोडतो. तो वाईट नव्हे, पण तो टॅरो नव्हे, आणि त्याला टॅरोची पुस्तके लागू पडत नाहीत. खरेदीतल्या चुकांपैकी सर्वांत साधी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक हीच आहे.

विक्कन पूजेच्या चौरंगावर छडी, चषक, अथामे नावाची दुधारी सुरी आणि चांदणीची चकती ही चार साधने असतात. टॅरोच्या चार रंगांशी त्यांचे जुळणे हा योगायोग नाही, कारण लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या मंडळाच्या विधींतून आधुनिक टॅरो आणि विक्का या दोघांनीही उसनवारी केली आहे. त्याच मंडळातील ए. ई. वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी तयार केलेला संच १९०९ मध्ये लंडनच्या राइडर प्रकाशनाने काढला. तो ‘राइडर-वेट’ या नावाने ओळखला जातो. सगळी चित्रे जिने काढली तिचे नाव मात्र कित्येक वर्षे त्यातून वगळले गेले. आजची बहुतेक पुस्तके आणि वर्ग याच संचाला धरून चालतात, म्हणून नवा संच या सांगाड्यापासून किती दूर गेला आहे, हे मोजणे हाच निवडीचा खरा निकष ठरतो.

पानांची परीक्षा

विक्रेत्याच्या पानावर किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर बहुधा काही पाने दाखवलेली असतात. सुंदर दिसतात म्हणून पुढे केलेली ‘चंद्र’ आणि ‘तारा’ ही पाने बाजूला ठेवावीत, कारण ती जवळजवळ प्रत्येक संचात देखणीच असतात. पुढील पाने मागून किंवा शोधून पाहावीत.

पंधरावे पान, ‘डेव्हिल’. राइडर-वेट संचात या पानावर वटवाघळाचे पंख आणि बोकडाची शिंगे असलेला सैतान बसला आहे, त्याच्या कपाळावर उलटी चांदणी आहे आणि त्याच्या बैठकीच्या कडीला एक स्त्री व एक पुरुष गळ्यात साखळी घालून बांधलेले आहेत. साखळ्या सैल आहेत, मनात आणले तर ते दोघे त्या काढू शकतात, आणि पानाचा अर्थही तोच आहे: स्वतः पत्करलेले बंधन, व्यसन, लोभ. आता विक्कामध्ये सैतान नाहीच. उलट शिंगे असलेला देव हा तिथे पूज्य आहे. आपल्या आराध्याच्या शिंगांवर ‘पाप’ अशी पाटी लावणे कोणत्याही प्रामाणिक विक्कन चित्रकाराला परवडणारे नाही, आणि ही अडचण त्याने कशी सोडवली आहे यावर संपूर्ण संचाची जात कळते.

- मूळ चित्र जसेच्या तसे ठेवून कडेला वेली आणि चंद्रकोरी काढल्या असतील, तर संच फक्त पोशाखापुरता पेगन आहे.
- रॉबिन वुड यांच्या १९९१ च्या संचात सैतानाची आकृतीच काढून टाकलेली आहे आणि खजिन्याच्या पेटीला जखडलेली दोन माणसे तेवढी दिसतात. आकृती गेली, अर्थ राहिला. नवशिक्याला हे सर्वांत सोयीचे.
- २००४ च्या ‘ड्रुइडक्राफ्ट’ संचात या जागी केर्नुनोस हा शिंगधारी देवच येतो. त्याबरोबर पानाचा रोख बंधनाकडून देहाच्या आणि निसर्गाच्या आदिम ऊर्जेकडे सरकतो, म्हणून सर्वसाधारण पुस्तकातला अर्थ इथे अर्धाच चालतो.
- २०११ च्या ‘वाइल्डवुड’ संचात पानाचे नाव ‘राखणदार’ असे असून गुहेच्या तोंडाशी अस्वलाचा सांगाडा उभा आहे. इथे जुना अर्थ विसरून नवा शिकावा लागतो.

पाचवे आणि विसावे पान. पाचव्या पानावर मुळात पोप आहे आणि विसाव्यावर शिंग फुंकणारा देवदूत व शवपेट्यांतून उठणारी माणसे, म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतला अंतिम न्यायनिवाडा. ‘ड्रुइडक्राफ्ट’मध्ये पाचवे पान ‘प्रधान पुरोहित’ आणि विसावे ‘पुनर्जन्म’ होते. ‘वाइल्डवुड’मध्ये ती अनुक्रमे ‘पूर्वज’ आणि ‘महान अस्वल’ होतात. नाव बदलले तरी पाचव्या पानातला परंपरा, संस्था आणि गुरू यांच्या अधिकाराचा अर्थ टिकला आहे का, हे पाहावे. तो पुसून तिथे नुसता प्रेमळ वनवासी म्हातारा बसवला असेल, तर नोकरी, विवाह किंवा शिक्षण यांविषयीच्या प्रश्नांत संच अडखळतो, कारण अशा प्रश्नांत संस्थेशी गाठ असतेच.

छडीचा एक्का आणि तलवारीचा एक्का. गोल्डन डॉनच्या पद्धतीत छडी ही अग्नीची आणि तलवार ही वायूची मानली जाते. काही विक्कन परंपरांत याच्या उलट सुरी अग्नीची आणि छडी वायूची असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण एक संच एका पद्धतीचा आणि अभ्यासाचे पुस्तक दुसऱ्या पद्धतीचे असे झाल्यास अठ्ठावीस पानांचे अर्थ गुंतून बसतात. एक्क्याच्या चित्रात ज्वाळा कुठे आहेत आणि ढग, पक्षी, वारा कुठे आहे एवढे पाहिले तरी उलगडा होतो.

आठवे आणि अकरावे पान केवळ क्रमांकासाठी तपासावीत. वेट यांनी ‘सामर्थ्य’ आठवे आणि ‘न्याय’ अकरावे केले. जुन्या फ्रेंच क्रमात ते उलट आहे आणि ‘वाइल्डवुड’नेही जुनाच क्रम ठेवला आहे. यात चूक-बरोबर काही नाही.

कोणता संच कोणासाठी

पहिलाच संच घेणाऱ्यांनी राइडर-वेटचा सांगाडा कायम ठेवणारा संच घ्यावा, हे मत इथे स्पष्टपणे नोंदवलेले बरे. रॉबिन वुड यांचा संच या कामी अजूनही उजवा आहे. त्याची चित्रे विक्कन जाणिवेतूनच आली आहेत, त्यातला जादूगार मस्तकावर सांबराची शिंगे चढवून उभा आहे, आणि तरीही कोणतेही प्राथमिक पुस्तक हाती धरून तो वाचता येतो. डेबोरा ब्लेक आणि चित्रकार एलिझाबेथ आल्बा यांचा २०१७ चा ‘एव्हरीडे विच’ हा त्याहून हलकाफुलका पर्याय होय. टोकदार टोप्या, केरसुण्या आणि मांजरे यांनी तो भरलेला असल्याने ज्यांना गांभीर्य हवे आहे त्यांना तो बालिश वाटू शकेल, परंतु घरातल्यांना दचकवणार नाही हा त्याचा गुण लहान नव्हे.

‘वाइल्डवुड’ हा अतिशय विचारपूर्वक घडवलेला संच आहे. मार्क रायन, जॉन मॅथ्यूज आणि चित्रकार विल वर्दिंग्टन यांनी तो १९९६ च्या ‘ग्रीनवुड’ या संचाच्या पायावर उभारला. त्यात तलवारींऐवजी बाण, छड्यांऐवजी धनुष्ये, चषकांऐवजी भांडी आणि चकत्यांऐवजी दगड आहेत, दरबारी पानांवर राजा-राणी नसून पशुपक्षी आहेत, आणि सगळी पाने वर्षाच्या चक्रावर मांडलेली आहेत. याच कारणाने तो दुसरा संच म्हणून घ्यावा. त्याचे वर्ष उत्तर युरोपचे आहे, हेही लक्षात ठेवावे. विक्कन दिनदर्शिकेत १ ऑगस्टच्या सुमारास पहिल्या कापणीचा सण येतो, त्या वेळी कोकणात भातलावणी नुकती उरकलेली असते. २१ जूनच्या उन्हाळी उत्सवाला आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते. चित्रातला ऋतू आणि खिडकीबाहेरचा ऋतू यांचा असा सांधा जुळत नसेल, तर ऋतूवर बेतलेला संच सुंदर असूनही परका राहतो. युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र ही अडचण येणार नाही.

फिलिप आणि स्टेफनी कार-गॉम यांचा ‘ड्रुइडक्राफ्ट’ नावाप्रमाणे ड्रुइड आणि विक्का या दोहोंचा मिलाफ आहे. चित्रे त्याच वर्दिंग्टन यांची आहेत, पाने नेहमीपेक्षा मोठी आहेत आणि काही पानांवर नग्न देह आहेत. विक्कन विधींत नग्नतेला पवित्र मानले जाते, त्यामुळे त्यात अश्लीलतेचा हेतू नसतो. तरी संच दिवाणखान्यात उघडायचा असेल तर आधी चित्रे पाहून घेणे शहाणपणाचे.

देवीकेंद्रित संचांपैकी व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगेल यांचा ‘मदरपीस’ गोल पानांचा आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनी हाताळली आहे त्यांना गोल पत्ता नवा नाही, आणि तो पिसताना होणारी कसरतही नवी नाही. क्रिस वॉल्डहेर यांच्या १९९८ च्या ‘गॉडेस टॅरो’त जगभरच्या देवी एकत्र आल्या असून दुसऱ्या पानावर सरस्वती आणि भाग्यचक्राच्या दहाव्या पानावर लक्ष्मी आहे. ज्यांच्या घरी या देवतांची रोज पूजा होते त्यांनी ती पाने पिसणे, उलटी पडणे, टेबलावर पसरणे आपल्याला रुचेल का, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. इथे दुसऱ्याचे मत उपयोगाचे नाही.

नावाला भुलू नये, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लिसा स्टर्ल यांचा २०१९ चा ‘मॉडर्न विच’ हा आजच्या पोशाखातील स्त्रियांना घेऊन राइडर-वेटची चित्रे नव्याने मांडतो. संच उत्तम आहे, पण त्यात विक्काचे धर्मचिन्हशास्त्र शोधू नये. फर्गस हॉल यांची ‘टॅरो ऑफ द विचेस’मधील चित्रे तर १९७३ च्या जेम्स बाँड चित्रपट ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये झळकलेली आहेत.

माल पारखताना

सर्वसाधारण टॅरोचे पान सुमारे ७० मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच असते, म्हणजे रमीच्या पत्त्यापेक्षा बरेच मोठे. लहान हाताच्या व्यक्तींनी मोजमाप वाचल्याशिवाय मोठा संच मागवू नये. पावसाळ्यात दमट हवेने पाने फुगतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून किनारपट्टीच्या वाचकांनी लेप नसलेल्या नुसत्या कागदाच्या पानांपेक्षा लेप दिलेली पाने पसंत करावीत.

खरा त्रास बनावट संचांचा आहे. ऑनलाइन बाजारात लोकप्रिय संचांच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जातात आणि त्या ओळखण्याच्या खुणा अशा:

- मूळ संचासोबत पुस्तिका असताना तिच्याजागी केवळ क्यूआर कोडचा कागद;
- मूळ प्रकाशकाचे नाव खोक्यावरून गायब;
- चित्रांच्या कडा कापल्या गेलेल्या, रंग धुरकट किंवा भडक, पाने मूळ मापापेक्षा लहान;
- किमतीत अविश्वसनीय तफावत.

यांपैकी शेवटची खूण सर्वांना दिसते आणि तीच बहुतेकांना मोहात पाडते. पुस्तिका नसलेला ‘वाइल्डवुड’ घेणे म्हणजे कोश नसलेली परकी भाषा विकत घेणे होय.

पहिला संच भेटच मिळायला हवा, स्वतः घेऊ नये, ही समजूत निराधार आहे. पाने मिठात पुरून ‘शुद्ध’ करण्याचा सल्लाही कानाआड करावा, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि तो पानांना लागतो.

कायदा आणि आपले हक्क

टॅरो संच बाळगणे किंवा वाचणे यावर महाराष्ट्रात बंदी नाही. मात्र जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ हा चमत्काराचा दावा करून फसवणूक करणे, एखाद्या व्यक्तीने करणी केली असे जाहीर करणे अशा कृत्यांना लागू होतो आणि त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘अमक्या बाईने तुमच्यावर काही केले आहे’ असे पाने पाहून सांगणारा वाचक या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. आजार, औषध आणि न्यायालयीन प्रकरणे यांचे निर्णय पत्त्यांवर सोपवू नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

चित्रांच्या हक्कांबाबत भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व राहते. वेट १९४२ मध्ये आणि पामेला कोलमन स्मिथ १९५१ मध्ये निवर्तले असल्याने १९०९ ची मूळ चित्रे भारतात २०१२ पासून मुक्त आहेत. वर उल्लेखलेले पेगन व विक्कन संच मात्र अलीकडचे असून त्यांची चित्रे छापून विकणे, चहाच्या कपांवर घालणे किंवा अभ्यासवर्गाच्या पुस्तिकेत सगळीच उतरवणे यासाठी परवानगी लागते.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम वाचकांच्या बाजूचे आहेत. विक्रेत्याने आयात मालाचा मूळ देश आणि परतीच्या अटी दाखवणे बंधनकारक आहे, आणि माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीहून वेगळा निघाल्यास तो परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. म्हणून खोका उघडतानाच चित्रफीत काढावी, पहिल्या दिवशीच ७८ पाने मोजावीत आणि पुस्तिका चाळून पाहावी. तक्रार लेखी करावी. व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याने ती ४८ तासांत पोहोचल्याचे कळवून एका महिन्यात निकाली काढायची असते. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे, आणि आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तिथे शुल्क लागत नाही.